कोजागरीच्या आधी, बर्गनहून

बर्गन, नॉर्वे
नवरात्र, सहावी माळ

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "रात्रभर बोटीवर जागून मोजतेस तरी काय?" तेव्हा रेंज गेली, म्हणून लिहिते.

समुद्रात प्राणिप्लवक नावाचे बारीक जीव असतात. त्यातले कोपेपॉड तर ज्वारीच्या दाण्याहून लहान. दिवसभर ते खोल अंधारात असतात, कारण उजेडात मासे त्यांना टिपतात. दिवस मावळला की वर येतात, रात्रभर चरतात आणि फटफटायच्या आत पुन्हा खाली. तीन मिलिमीटरचा जीव तीनशे मीटर चढतो, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या लाखपट. तुझ्या पाच फुटांच्या हिशेबात ते दीडशे किलोमीटर होतात. सोलापूर-तुळजापूर तीनदा, एका संध्याकाळी! जगातल्या सगळ्या समुद्रांत हे रोज चालतं. एकूण वजन धरलं तर पृथ्वीवर याहून मोठं स्थलांतर नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या सोनारला (म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राला) समुद्राचा तळ भलत्याच उथळ जागी दिसायचा, आणि रात्री तो तळच वर सरकायचा! 1945 मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी सॅन दिएगोजवळ जाळी टाकून दाखवलं की हा तळ नव्हेच, जिवंत थर आहे. मी तोच थर पडद्यावर वर चढताना बघते. दर वेळी अंगावर काटा येतो.

याचा उपयोग काय, हेही तू विचारशीलच. वर खाल्लेलं हे जीव खाली नेतात. तिथे श्वास सोडतात, विष्ठा टाकतात. हवेतून पाण्यात आलेला कार्बन असा खोल जातो, आणि परत हवेत यायला त्याला दशकं, कधी शतकं लागतात. शिवाय कितीतरी मासे यांच्यावरच जगतात. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नाही, तरी काही जीव दिवसा तिथेच दडतात. ते तग कसे धरतात, हे मला पुढे शिकायचंय.

आणि एक. चंद्रप्रकाशही त्यांना नको असतो. पौर्णिमेला ते जरा खोलच थांबतात. कोजागरीला तू सगळ्यांबरोबर तुळजापूरला चालत निघशील, तेव्हा मी बोटीवर असेन. इथे आभाळ मोकळं राहिलं तर माझा थर त्या रात्री पूर्ण वर यायचा नाही.

गुडघ्याला पट्टा बांधून चाल. अण्णांना रात्रपाळी असेल तर दादाला बरोबर घे. शेंगाचटणी संपली आहे.

तुझी,
धाकटी