सामना संपल्यावर लगेच नको

पालक आणि प्रशिक्षकांसाठी आठवण: हरून आलेल्या मुलाकडून परतीच्या वाटेवरच चुकांचा हिशेब मागू नका. तेव्हा छाती धडधडत असते, सांगितलेलं आत शिरत नाही. आधी पाणी, थोडं चालणं, मग सावकाश श्वास. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, म्हणजे ठोके मंदावतात. खेळाचं बोलणं दुसऱ्या दिवशी. रडू आलं तर रडू द्या (मुलग्यांनाही, हे मुद्दाम लिहिलंय).

१३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. पहाटेचा सराव असेल तर मोबाइल लवकर बंद.

अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची सांघिक अंतिम फेरी मानसिक आरोग्यासाठी अर्ध्यावर सोडली होती. म्हणून ‘आज नको’ म्हणणाऱ्या मुलाला कामचुकार ठरवू नका. झोप, भूक किंवा खेळातला रस दोन आठवडे हरवलेला दिसला तर समुपदेशकाला भेटा. प्रशिक्षकांनाही कळवा, पण खासगीत, ग्रुपवर नको.