आधी मुक्काम, मग गाडी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दर उन्हाळ्यात अमेरिकेतील मुलाबाळांकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आमच्यासारख्या ज्येष्ठांची संख्या आता बरीच मोठी आहे. तिथे गेल्यावर आरव्ही, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन सहकुटुंब फिरण्याची हौसही वाढते आहे. आपल्या वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीत अशा प्रवासांवर येणारे लेख मी आवडीने वाचते. त्यांत देखाव्यांचे वर्णन मनापासून केलेले असते. मात्र असा प्रवास आखताना कोणते काम आधी करायचे आणि कोणते मागाहून, याविषयी सहसा काही नसते. हे ठाऊक नसणे आम्हाला चांगलेच भोवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मिशिगन राज्यातील पिक्चर्ड रॉक्स नॅशनल लेकशोअर या सरोवरकाठच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही आरव्हीने दोनदा गेलो. पहिल्या खेपेस आम्ही आधी गाडी ठरवली आणि मग राहायला जागा शोधत बसलो. दुसऱ्या खेपेस आधी जागा मिळवली आणि तिच्यात मावेल अशी गाडी घेतली. माणसे तीच होती, उद्यानही तेच होते, पण पहिला प्रवास दगदगीत गेला आणि दुसरा आजही घरातल्या बोलण्यात रोज येतो.

हे उद्यान सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर म्युनिसिंग आणि ग्रँड मराय या दोन लहान गावांच्या दरम्यान पसरलेले आहे. सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटरचे हे सरोवर क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर मानले जाते आणि काठावर उभे राहिल्यावर पैलतीर दिसत नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन झालेले हे अमेरिकेतील पहिले ‘नॅशनल लेकशोअर’. येथे वालुकाश्माचे कडे काही ठिकाणी २०० फूट उंच आहेत. त्यांच्या भेगांतून झिरपणारे पाणी लोह, तांबे, मँगनीज अशी द्रव्ये विरघळवून आणते आणि कड्यावरून ओघळताना तांबूस, निळसर-हिरवे, काळपट असे पट्टे सोडून जाते. उद्यानाचे नाव या रंगलेल्या कड्यांवरूनच पडले आहे.

आता मुख्य मुद्दा. गाडी घेऊन थेट मुक्काम करता येईल अशी तीनच ठिकाणे या उद्यानात आहेत : लिटल बीव्हर लेक, ट्वेल्व्हमाइल बीच आणि हरिकेन रिव्हर. तिन्ही मिळून जागा साठ-पासष्टच्या आसपास, आणि उन्हाळ्यात येणारे पर्यटक लाखांनी. या जागांचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी खुले होते आणि जुलै-ऑगस्टमधील तारखा पाहता पाहता संपतात. शिवाय प्रत्येक जागेपुढे तिथे किती फूट लांबीची गाडी बसेल ते लिहिलेले असते. लिटल बीव्हर लेककडे उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा असल्यामुळे मोठ्या गाड्यांनी त्या वाटेला न गेलेलेच बरे. म्हणजे तारीख, जागा आणि गाडीची लांबी या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यांतील जागा ही सर्वांत दुर्मीळ. गाडी कुठेही भाड्याने मिळते. जागा मिळत नाही.

पहिल्या वर्षी आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते. मे महिन्यात मुलाने उत्साहाने तीस फुटांहून लांब गाडी नोंदवली. सहा माणसे, म्हणून ऐसपैस हवी, एवढाच विचार. जुलैच्या तारखांसाठी उद्यानात जागा शोधू लागलो, तेव्हा एकही शिल्लक नव्हती. शेवटी उद्यानाबाहेर बऱ्याच अंतरावरील एका खासगी कॅम्पग्राउंडमध्ये उतरलो. तिथे वीज, नळ, सांडपाण्याची जोडणी सगळे होते. पण सरोवर पाहायचे तर रोज तेच घर हलवावे लागे. घर हलवणे म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. विजेची जाड केबल काढून गुंडाळायची, पाण्याचा पाइप सोडवायचा, सांडपाण्याचा पाइप हातमोजे घालून काढायचा आणि धुऊन ठेवायचा, खोली ऐसपैस व्हावी म्हणून बाहेर सरकवलेली गाडीची भिंत आत घ्यायची, चाकांखालचे ठोकळे उचलायचे, फ्रिजच्या दाराला खिटी लावायची आणि फडताळातील प्रत्येक वस्तू अडकवून ठेवायची. एके दिवशी एका फडताळाची कडी नीट बसली नव्हती. पहिल्याच वळणावर सगळ्या बशा जमिनीवर आल्या आणि नात घाबरून रडू लागली. सकाळचा तास-दीड तास आवरण्यात आणि संध्याकाळचा तेवढाच वेळ पुन्हा मांडण्यात जाई. त्यात चॅपल रॉक या किनाऱ्यावरील प्रसिद्ध खडकाकडच्या पायवाटेपर्यंत जाणारा रस्ता कच्चा आणि खडबडीत असल्याने एवढी मोठी गाडी तिथे नेता आली नाही, ती नातवंडांची निराशा वेगळीच.

याच प्रवासातील आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. गाडी परत करताना भाड्याने देणाऱ्याने जनरेटर जितके तास चालला त्याचे आणि ठरलेल्या मैलांपेक्षा जास्त धावलेल्या मैलांचे वेगळे पैसे लावले. करारात ते बारीक अक्षरांत होते, पण गाडी ताब्यात देताना तोंडी कोणी सांगितले नव्हते. दिवसाला किती मैल आणि जनरेटरचे किती तास भाड्यात धरलेले आहेत, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि आपल्या मार्गाचे मैल नकाशावर मोजूनच गाडीची नोंदणी करावी. डेट्रॉइटच्या बाजूने निघाले तर म्युनिसिंग एका दिशेनेच ४०० मैलांच्या वर आहे.

दुसऱ्या खेपेस आम्ही जानेवारी संपण्यापूर्वी तारखा निश्चित केल्या. मुलगा आणि सून आरक्षण उघडण्याच्या वेळी आपापल्या संगणकांपुढे बसले आणि ट्वेल्व्हमाइल बीच येथे तीन रात्रींची जागा मिळाली. त्यानंतरच सुमारे २४ फुटांची लहान मोटरहोम नोंदवली. नातवंडे मोठी झाली होती, त्यांनी बाजूला तंबूत झोपायचे ठरवले. हे ठिकाण ग्रँड मरायपासून पश्चिमेला १५ मैलांवर, सरोवरालगतच्या उंचवट्यावर, झाडीत आहे. गाडीच्या दारातून बाहेर पडून थोडे चालले की खाली वाळूचा लांबच लांब किनारा. तीन दिवस आम्ही इंजिन जवळपास सुरूच केले नाही.

अर्थात अशा ठिकाणी विजेची किंवा नळाची जोडणी नसते, न्हाणीघरे नसतात. पिण्याचे पाणी मिळते आणि साधी शौचालये आहेत, एवढेच. बाकी सगळे गाडीच्या पोटात भरून न्यावे लागते, आणि इथे घर चालवण्याचा अनुभव असलेल्या माणसाचा खरा उपयोग होतो. गाडीला तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि शौचालयाची. आमचा अनुभव असा, की आधी अपुरी पडते ती बहुधा मधली. नळ सोडून भांडी विसळली की स्वच्छ पाणी संपण्यापूर्वी सांडपाण्याची टाकी भरते, आणि ते पाणी जमिनीवर सोडण्यास सक्त मनाई आहे. आम्ही ताटल्या आधी कागदाने पुसून घेत होतो आणि एका लहान घमेल्यात सगळी भांडी धूत होतो. मुक्कामाला जाण्यापूर्वी गावातून स्वच्छ पाण्याची टाकी काठोकाठ भरून घ्यावी आणि परतीच्या वाटेवर टाक्या रिकाम्या करण्याचे ठिकाण, ज्याला तिथे डंप स्टेशन म्हणतात, कुठे आहे ते आधीच हेरून ठेवावे.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जोडणी नसली की दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह व वातानुकूलनासाठी जनरेटर लागतो आणि तो रात्री शांततेच्या वेळेत चालवता येत नाही. सुपीरियरच्या काठावर जुलैतही रात्री थंडी पडते. पहिल्या रात्री आम्ही हीटर लावून झोपलो आणि पहाटे दिवे अगदी मंद झालेले आढळले. हीटर प्रोपेन वायूवर चालतो म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण त्याची गरम हवा फेकणारा पंखा बॅटरीवर फिरतो आणि तो रात्रभर फिरला की बॅटरी उतरते. दुसऱ्या रात्रीपासून झोपण्यापूर्वी अर्धा तास हीटर आणि मग जाड पांघरुणे, असे केले आणि ते पुरले. ज्येष्ठांनी सोबत लोकरीचे मोजे आणि टोपी न्यावीच.

प्रवासातील मॅकिनॉ पुलाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मिशिगनच्या दक्षिण भागातून येताना १९५७ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा सुमारे पाच मैलांचा झुलता पूल ओलांडावा लागतो. आरव्ही ही उंच आणि सपाट बाजूंची गाडी असल्यामुळे बाजूचा वारा तिला ढकलतो. वारा वाढला की अशा गाड्यांचा वेग कमी करायला लावतात, प्रसंगी त्यांना थांबवूनही ठेवतात. आमचे चिरंजीव तरबेज चालक आहेत, तरी पुलाच्या मध्यावर त्यांनी सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरलेले मी पाहिले. पूल ओलांडण्याचा दिवस आणि मुक्कामाची पहिली रात्र यांत थोडी मोकळीक ठेवावी, म्हणजे वाऱ्यामुळे अडकले तरी आरक्षण वाया जाण्याची धास्ती राहत नाही. ज्यांना पुलावर स्वतः गाडी चालवण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी पूल प्राधिकरण चालक देते, ही माहिती फार थोड्यांना असते. आपल्या गाडीसाठी ती सोय आहे का, हे फोन करून विचारून घ्यावे.

काय पाहावे, हे ठरवतानाही मुक्कामाचाच आधार घ्यावा. कड्यांचे खरे रूप पाण्यावरून दिसते आणि म्युनिसिंगहून त्यासाठी बोटी सुटतात. ही सफर आम्ही मुक्काम मोडून निघालो त्या दिवशी ठेवली, कारण त्या दिवशी गाडी तशीही आवरलेली असते. दुपारनंतरची फेरी घ्यावी; तेव्हा उतरते ऊन कड्यांवर पडते आणि रंग उठून दिसतात. पहिल्या वर्षी हुकलेला चॅपल रॉक बोटीतून दिसला. मुख्य भूमीपासून सुटा झालेला तो खडक आणि त्याच्या माथ्यावर एक पाइन वृक्ष. मधली दगडी कमान केव्हाच कोसळली, पण झाडाची मुळी पोकळीवरून दोरासारखी ताणलेली आहे आणि पलीकडच्या मातीतून झाडाला अन्नपाणी पुरवते. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत गप्प बसून राहिलो होतो. मधल्या दिवसांत हरिकेन रिव्हरपासून दीड मैल चालत ओ सेबल दीपगृहापर्यंत गेलो. १८७४ मध्ये सुरू झालेले हे दीपगृह आहे आणि वाटेत किनाऱ्यालगत फुटलेल्या जुन्या लाकडी जहाजांचे सांगाडे वाळूत आणि उथळ पाण्यात दिसतात. त्यांतील लांबच लांब लोखंडी खिळे अजून जागेवर आहेत. वाट सपाट आहे. माझे गुडघे दुखत असूनही मी सावकाश पूर्ण चालले.

हंगामाविषयी माझे स्पष्ट मत सप्टेंबरच्या बाजूने आहे. जूनमध्ये काळ्या माश्या त्रास देतात, भर उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की किनाऱ्यावर घोट्यांना चावणाऱ्या माश्या येतात आणि त्या मोज्यांवरूनही चावतात. सप्टेंबरात शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि महिनाअखेर पाने रंगू लागतात. अर्थात शाळकरी नातवंडे बरोबर हवी असतील, तर जुलै-ऑगस्टला पर्याय नाही.

किरकोळ वाटणाऱ्या काही बाबी. शेकोटीसाठी लाकूड घरून नेऊ नये, मुक्कामाजवळच विकत घ्यावे. २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरात आढळलेल्या एका परदेशी भुंगेऱ्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडे मारली आणि तो पसरण्याचे एक मोठे कारण माणसांनी गाडीतून वाहून नेलेले सरपण हे आहे. आणि बासष्ट वर्षांवरील व्यक्तींना मिळणारा राष्ट्रीय उद्यानांचा सवलतीचा पास अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळतो. आपण पाहुणे म्हणून गेलो असू तर त्याच्या भरवशावर राहू नये. बऱ्याच भागांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आणि आरक्षणाची पावती कागदावर छापून घ्यावी आणि औषधे दोन दिवसांची जास्त ठेवावीत.

आपल्याला विनंती एवढीच, की आरव्ही प्रवासावरील लेख छापताना त्यासोबत एक लहान चौकट द्यावी : मुक्कामाच्या जागा किती, आरक्षण किती महिने आधी उघडते, किती फुटांची गाडी चालते आणि वीज-पाण्याची जोडणी आहे की नाही. पुढील जुलैचा बेत करणाऱ्या कुटुंबांना ही माहिती मे महिन्यात मिळून उपयोग नाही. ती नवीन वर्षाच्या सुमारास छापली, तर जागा मिळण्याची शक्यता राहील.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका