पेपरनंतरची बेरीज कार्बन प्रतीवरूनच करा

संपादक महोदय,

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा पेपर सुटला की कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत ‘तुझे किती येतायत?’ एवढी एकच चर्चा असते. त्या आकड्यावर मुले पुढचा अभ्यास सुरू ठेवायचा की सोडायचा हे ठरवतात. तो आकडाच बऱ्याचदा चुकलेला असतो, म्हणून हे पत्र.

प्रश्नपत्रिकेचा संच वेगळा की प्रश्नांचा क्रम वेगळा. ‘सतराव्याचं उत्तर दोन ना?’ असे विचारण्यात अर्थ नाही. प्रश्नाचा मजकूर वाचून ताडून पाहावे. प्रश्नपुस्तिकेवरची खूणही धरू नये. शेवटच्या दहा मिनिटांत घाईने रंगवलेले वर्तुळ आणि ती खूण पुष्कळदा जुळत नाही. उत्तरपत्रिकेच्या कार्बन प्रतीवर उमटले तेच खरे. तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण. बरोबर उत्तराला २ आणि चुकीला पाव भाग, म्हणजे ०.५ वजा. ५२ बरोबर आणि ३६ चूक असतील तर १०४ वजा १८, म्हणजे ८६. इथे कित्येक जण चुकीमागे ०.२५च कापतात आणि ९५ धरून बसतात. नऊ गुणांचा हा फरक निकालादिवशी जिव्हारी लागतो.

इतिहासात घात होतो तो विधानांच्या प्रश्नांत. समजा, ‘अयोग्य विधान ओळखा’ असे विचारले: (१) काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. (२) तो दांडीयात्रेनंतर सुरू झाला. नाशिकच्या मुलाला तारीख पाठ असते, म्हणून तो पहिल्यावर खूण करतो आणि बाहेर येऊन ‘२ मार्चच ना?’ विचारून तो प्रश्न बरोबर धरतो. दांडीयात्रा निघाली १२ मार्चला. उत्तर दुसरे विधान. माहिती बरोबर, उत्तर चूक. पडताळताना प्रश्नातला ‘अयोग्य’ हा शब्द पुन्हा वाचला, तरच हे लक्षात येते.

त्याच संध्याकाळी फिरणाऱ्या क्लासेसच्या उत्तरतालिका एकमेकींशी जुळत नाहीत. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा शंकास्पद प्रश्न वेगळे लिहून ठेवावेत आणि लोकसेवा आयोगाची पहिली तालिका आली की मुदतीत हरकत घ्यावी. अंतिम तालिकेनंतर कुणी ऐकत नाही. हरकतीला गाइड किंवा क्लासच्या नोट्स जोडून उपयोग नाही. प्रमाण ग्रंथाचे मुखपृष्ठ, आवृत्तीचे वर्ष आणि नेमके पान जोडावे. काळाराम मंदिर सत्याग्रह थांबल्याचे साल काही पुस्तकांत १९३४, काहींत १९३५ आढळते. अशा प्रश्नाला एकच पान पुरत नाही, दोन स्वतंत्र ग्रंथ हवेत. जिल्ह्याची दर्शनिका (गॅझेटियर) जोडायची तर आवृत्ती आधी पाहावी, १८८३च्या खंडात १९३०चे काही सापडणार नाही.

ही पुस्तके ऐन वेळी मिळत नाहीत, हीच खरी अडचण आहे. सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४०पासूनच्या संस्थेने आणि शहरातल्या इतर ग्रंथालयांनी हरकतींच्या दिवसांत पाठ्यपुस्तक मंडळाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, दर्शनिका आणि आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासावरचे संदर्भग्रंथ एका टेबलावर काढून ठेवावेत, सभासद नसलेल्यांनाही बसून पाहू द्यावेत आणि पानांची झेरॉक्स काढू द्यावी, ही विनंती.

– स्पर्धा परीक्षांचा एक मार्गदर्शक, नाशिक