चाल उसनी चालते, ठेका उसना नको

महोदय,

‘हल्लीची गाणी म्हणजे नुसती उचलाउचल’ ही तक्रार चालींपुरती तरी पटत नाही. १९११ च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकात गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी प्रचलित बंदिशींच्या चालींवर कितीतरी पदं बांधली. ती आपली वाटली, कारण शब्दांचं वजन सांभाळून गायकाला फिरायला जागा ठेवली होती.

खरं दुखणं तालाचं आहे. ढोलकीचा एकच तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ध्वनिमुद्रित तुकडा) कितीतरी गाण्यांत फिरतो. मिनिटाला ९५ ठोक्यांच्या लयीतला तुकडा १२५ वर दाबला की चाटेची, म्हणजे लहान तोंडावरच्या टणक बोलाची, धार जाते. सुरात बसवायला तो दोन-तीन स्वर चढवला की थाप पोकळ वाजते. शिवाय चार आवर्तनांनी तेच पुन्हा. अंतऱ्यापूर्वी वादक जी उठान (पुढच्या भागात नेणारी जोरकस बोलांची झेप) घेतो, ती गायबच!

संगीतकारांना कळकळीची विनंती: क्लिक (लय धरून ठेवणारी यांत्रिक टिकटिक) खुशाल ठेवा, पण ढोलकी गाण्याच्या षड्जात (‘सा’मध्ये) लावून अख्खं गाणं वाजवून घ्या. दोन्ही तोंडांना वेगळा माइक द्या. आणि नंतर प्रत्येक ठोका संगणकातल्या ग्रिडवर (समान अंतराच्या रेघांवर) ओढून बसवू नका. वादकाची लय तिथेच मरते.

– एक ध्वनिमुद्रक, पुणे