मामा, आम्ही पाचच होतो

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचंच राहिलं बघा. रात्रभर गडावरच्या तुमच्या झापात, म्हणजे झोपडीत राहिलो, तुमच्या घोंगड्या पांघरून झोपलो, सकाळी पाचनईच्या वाटेला तुम्ही निम्म्यापर्यंत सोडायला आलात आणि आम्ही पाचही जण नुसते मामा मामा करत होतो. आता तुमच्या मुलाला विचारलं तर तो सांगेल पण ते तोंडावर विचारायला पाहिजे होतं. त्यालाच हे पाठवतोय, तो वाचून दाखवेल, आणि इथे सगळ्यांसाठी पण टाकतोय कारण गणपती झाले की हरिश्चंद्रगडावर सोनकीची पिवळी फुलं बघायला निम्मं पुणं निघतं आणि त्यात आमच्यासारखे बरेच असतात.

आधी आमचा शहाणपणा सांगतो, तुम्ही त्या रात्री एकदाही विचारला नाहीत. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो आठला, मग नारायणगावला मिसळ, आळेफाट्याला एसटीची वाट बघणं, खुबी फाट्याला उतरून धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वरला पोचेपर्यंत दुपारचे दोन. तिथे चहा घेतला त्या मावशी म्हणाल्या की आता नका जाऊ, वर धुकं उतरलंय, राहा इथंच आन् पहाटे निघा. आम्हाला वाटलं गिऱ्हाईक पकडतायत. खरंच असं वाटलं, लिहायला लाज वाटते पण वाटलं. वरून आमच्यातला एक जण म्हणाला पण, की मावशी मुक्कामाचे किती घेता, आणि आम्ही हसलो. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं किती जणं आहात. पाच, म्हटलं.

तोलार खिंडीत चार वाजले. तिथे त्या वाघ कोरलेल्या दगडापाशी फोटो काढण्यात अर्धा तास घालवला, का ते विचारू नका. पुढचा कातळ ओला होता, रेलिंग धरून धरून चढलो. पण खरी गंमत त्याच्या वर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटलं रॉक पॅच झाला म्हणजे ट्रेक झाला, आता काय पठारच आहे. बालेकिल्ल्याच्या अंगाने ती जी वाट जाते ना, एक टेकाड उतरलं की दुसरं, आणि प्रत्येक ठिकाणी ढोरवाटा फुटलेल्या, कारवीच्या झुडपांतून सगळ्या सारख्याच दिसतात. मोबाईलवर वाटेचा जीपीएस ट्रॅक होता. तो मोबाईल सहाच्या सुमारास बंद पडला. दुसऱ्यात ट्रॅक डाउनलोडच केला नव्हता, रेंज तर नाहीच. सात वाजता पूर्ण अंधार, धुकं एवढं की शेजारच्याची सॅक दिसत नाही, आणि त्यातच आमच्यातला एक जण शेवाळावरून घसरला आणि पाय मुरगळला. कडा किती लांब आहे तेही कळत नव्हतं. तिथेच बसलो. ओरडून ओरडून घसे बसले मग ते पण बंद केलं.

तुमची हाळी आली तेव्हा किती वाजले होते कुणालाच आठवत नाही. कोण म्हणतं साडेआठ, कोण म्हणतं दहा. आधी वाटलं भास आहे. मग परत आली, जवळून. आणि तुम्ही आलात, डोक्याला पोतं, हातात कोयता, आणि तो छोटा टॉर्च गुडघ्यापाशी धरलेला. आल्या आल्या तुम्ही कुणाला लागलं का असं नाही विचारलंत, तुम्ही मोजलंत. एक दोन तीन चार पाच. मग परत एकदा मोजलंत. "पाचच ना? बहीण पाच म्हनली."

तेव्हा कळलं की चहावाल्या मावशी तुमच्या बहीण. पाचनईहून खिरेश्वरला दिलेल्या. त्यांनी संध्याकाळी फोन लावला होता की दुपारी पाच पोरं वर आलीत, पोचली का बघ. आणि तुम्ही म्हणे देवळापलीकडच्या त्या दगडावर, जिथे रेंज येते, दर थोड्या वेळाने जाऊन उभे राहत होता कारण झापात फोन लागत नाही. ज्या बाईला आम्ही हसलो तिने आम्हाला मोजून ठेवलं होतं. हे डोक्यातून जात नाहीये मामा.

आमच्या मित्राने बूट काढायला घेतला तर तुम्ही ओरडलात, काढू नको, एकदा सुजला की परत आत जायचा नाही. मग कारवीच्या दोन काठ्या तोडल्यात, बुटावरूनच उपरण्याने बांधल्यात. डॉक्टरांनी नंतर विचारलं कुणी बांधलं, चांगलं बांधलंय. लिगामेंट आहे, फ्रॅक्चर नाही, प्लास्टर टळलं. आणि माझा तो हेडटॉर्च तुम्ही काढायला लावलात ते तर मी आता प्रत्येकाला सांगत सुटलोय. धुक्यात कपाळावर दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, काही दिसत नाही, दिवा खाली धरायचा, पायापाशी. एवढा महागाचा टॉर्च घेताना दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासाची वाट आम्ही दोन तासांत आलो. तुम्ही पुढे, मित्र तुमच्या खांद्यावर, आणि मध्ये मध्ये थांबून मागे वळून परत मोजणं चालूच. पोचल्यावर चुलीपाशी बसवलंत, नाचणीची भाकरी, पिठलं आणि तो लसणाचा ठेचा. "जेवा आधी, रडायचं ते उद्या रडा," असं म्हणालात तेव्हा सगळे हसलो आणि एक जण खरंच रडला, नाव नाही सांगत.

लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या रेस्क्यू टीम आपल्याला माहीत असतात, ती माणसं जीव धोक्यात घालतात, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण त्यांना फोन लागायला रेंज लागते आणि पोचायला तास लागतात, तोवर अंधारात पहिला जो माणूस येतो तो गावातलाच असतो. त्याचं नाव पेपरात येत नाही. आमची तर बातमी पण झाली नाही, आणि ती झाली नाही ती तुमच्यामुळेच.

सकाळी पैसे द्यायला लागलो तर तुम्ही जेवणाचे आणि मुक्कामाचे मोजून घेतलेत, वरचे परत केलेत. म्हणालात धंदा तो धंदा, हे वेगळं. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात उतरायचं राहिलं, कोकणकडा तर धुक्यात दिसलाच नाही, म्हणजे आम्ही गडावर जाऊन तुमचा झाप बघून आलो.

दिवाळीनंतर परत येतोय, पाचही जण. खिरेश्वरला मुक्काम करून, पहाटे निघून. मावशींना तसं फोनवर सांगितलंय, त्या म्हणाल्या या, मुक्कामाचे किती घेते ते आल्यावर सांगते. ऐकून घेतलं, काय करणार.

राजूरकडे जाणाऱ्या मित्राकडे एक पिशवी दिलीये, मुलाला घ्यायला सांगा. टॉर्च आहे, डोक्याला बांधायचा नाही, हातातलाच. सेल वेगळे ठेवलेत, दमट हवेत आत ठेवले तर गंजतात. आणि एक नवीन उपरणं आहे, तुमचं अजून आमच्याकडेच आहे.