पद्मिनी घेण्याआधी

प्रिय सुहास,

जुनी प्रीमिअर पद्मिनी गाडी घ्यायचीच म्हणतोस, तर आधी तिचं कूळ ऐक. गाडीत दोष कुठे शोधायचा, ते त्यातूनच कळतं.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची 1953 ची फियाट 1100. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्यात आणली. पुढची दारं उलटी उघडणारी ती 'डुक्कर फियाट', हीच. 1964 ला तिचं 'डिलाइट' हे मॉडेल आलं. इटलीत त्या मॉडेलला 1221 सीसीचं इंजिन होतं, आपण 1089 वरच राहिलो. फियाटने 1969 ला तिकडचं उत्पादन गुंडाळलं. इकडे तीच गाडी आधी प्रेसिडेंट, मग 1974 पासून पद्मिनी म्हणून शतक संपेपर्यंत चालली. शेवटी शेवटी गिअरचा दांडा स्टीअरिंगवरून खाली आला, डिझेलची 137डी निघाली. तेवढंच. नावं बदलायचा उत्साह मात्र दांडगा!

आता मुद्दा. हिला खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही, पत्राच सगळं वजन पेलतो. त्यामुळे इंजिनच्या आवाजावर भाळू नकोस, इंजिन उघडून नीट होतं. मॅट उचल, फ्लोअर अंगठ्याने दाबून बघ. दारांखालच्या पट्टीवरून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरव. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, भोक बुजवायला थापलेली पुटी आहे. मग एका बाजूने जॅक लावून मागचं दार उघड-बंद कर. जमिनीवर सहज लागणारं दार आता अडकत असेल, तर ती पट्टी आतून खलास आहे. अशी गाडी रंग कितीही चकचकीत असला तरी सोडून दे.

पुढचं चाक उचललेलं असतानाच वर-खाली धरून हलव. खडखड आली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. खडखड थांबली तर बेअरिंग ढिलं, नाही थांबली तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते खुंटे, झिजलेत. बहुतेकदा कारण एकच, वर्षानुवर्षं ग्रीसगन लागलेली नसते.

इंजिनचा ब्लॉक बिडाचा, त्याच्या वरचं हेड मात्र ॲल्युमिनियमचं. एकदा जास्त तापलं की हेड वाकतं, मधलं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, जातं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर भाव निम्मा कर. उन्हात, ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडून लगेच सुरू होत नसेल तर घाबरू नकोस. पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, त्यात पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेव, थोडं थांब, चालू होईल.

स्टीअरिंगवरचा गिअर अडकतो तो बहुधा बॉनेटखालच्या दांड्यांचे बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या रिंगा, झिजल्यामुळे. बुश स्वस्त असतात. गिअरबॉक्स उघडायला निघालेल्या मेकॅनिकला थांबव. चारी ब्रेक ड्रमचे, म्हणून घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतर.

कागद बघताना इंजिन नंबर आणि चासी (इथे बॉडीवरचा) नंबर आरसीशी स्वतः ताडून घे, इंजिनं बदललेल्या गाड्या खूप आहेत. नोंदणीचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे आणि ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर, भरलाय का, तेही तारखेसकट बघ. बघायला जाताना टॉर्च ने, खाली वाकायला जुने कपडे घाल.

तुझा,
अविनाश