गाळलेल्या धड्यातली चौकट

संपादक महाशय,

नात यंदा अकरावीत गेली. तिचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले, तर ते थेट एकके आणि मोजमापापासून सुरू होते. ‘भौतिक जग’ हा आमच्या वेळचा पहिला धडा गाळला आहे. मुलांवरचे ओझे कमी व्हावे हे मलाही पटते. २८ वर्षे हाच विषय शिकवताना त्यांची दमछाक पाहिली आहे. पण त्या धड्यातली एक चौकट जायला नको होती. अक्षय्यतेच्या नियमांचे (अमुक राशी एकूण तेवढीच टिकते, असे सांगणारे नियम) निसर्गातल्या सममितीशी, म्हणजे काही बदलले तरी बाकी सारे तसेच राहण्याशी, नाते आहे, असे ती सांगायची.

ऊर्जा टिकते, पण का? मुले हेच विचारतात. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, म्हणून ऊर्जा टिकते. म्हापशात जे नियम तेच मडगावात, म्हणून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, टिकतो. गणितज्ञ एमी नोदर यांनी १९१८ साली हे गणिताने सिद्ध केले, तेव्हा जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात त्यांना पगारसुद्धा मिळत नव्हता.

पुढचे मी रांगोळीवरून शिकवायचे. फळ्यावर चार, तीन, दोन, एक असे दहा ठिपके. १९६२ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान यांनी अणूहून लहान कण असेच मांडले. नऊ जागा भरल्या, टोकाची रिकामी राहिली. सममिती खरी असेल तर तिथे कण असलाच पाहिजे, म्हणून त्याचा ऋण प्रभार आणि वस्तुमानही त्यांनी आधीच सांगून ठेवले. १९६४ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तो सापडला, ओमेगा-ऋण. हे सांगून मी दहावा ठिपका द्यायचे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करायची.

सममिती मोडते, तेही सांगायला हवे. आरशासमोर भोवरा फिरवा. आतला उलटा फिरतो, तरी तो खोटा वाटत नाही. निसर्गाला डावे-उजवे नाही, असेच सगळे धरून चालले होते. ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५६ साली शंका काढली आणि चिएन-शिउंग वू यांनी इलेक्ट्रॉन बाहेर टाकणाऱ्या अतिशीत कोबाल्ट-६० वर प्रयोग केला. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राच्या फिरकीच्या उलट दिशेलाच जास्त बाहेर पडत होते, जणू भोवऱ्याच्या आरेकडूनच. आरशात फिरकी उलटते, पण इलेक्ट्रॉनांची दिशा तीच राहते; म्हणजे आरशात दिसते तशी घटना निसर्गात घडत नव्हती! असे इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यामागे असलेल्या क्षीण बलाचा सिद्धांत त्यातूनच नव्याने मांडावा लागला, आणि त्यात आपल्या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ ई. सी. जी. सुदर्शन यांचा मोठा वाटा आहे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी ती चौकट पुन्हा छापावी. तोवर अकरावीच्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यातला एक तास तिच्यासाठी राखावा. माझी जुनी टाचणे कोणाला हवी असतील, तर झेरॉक्स काढून आनंदाने देईन.

— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा